नक्की, बहुतेक आणि "असं असेल": मुलांच्या तर्काबद्दल थोडं

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, १०० मार्कांचे, त्याच पेपरात इंग्रजीचे २५ आणि सगळ्याला मिळून ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट पण नीट मिळत नाही. पलूसच्या नवोदयला सहावीत जायचं तर ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, सगळे आकृत्यांचे. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा दिली तर ९० प्रश्न नुसते बौद्धिक क्षमतेचे, ९० मिनिटांत, आणि त्यात निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. आमच्या इकडच्या कितीतरी घरांत पोरीची शाळा पुढं चालू राहणार का नाही हे त्या पैशावर ठरतं, त्यामुळं या प्रश्नांची प्रॅक्टिस घेणं चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. मी पण घेते. तासगावच्या बाजूला शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, आणि डिसेंबर आला की शाळा सुटल्यावरचा एक तास याच्यातच जातो.

मला सलतं ते वेगळंच. पोरं प्रश्नांचे प्रकार शिकतात, विचाराचे प्रकार शिकत नाहीत. सातवीतल्या कुणालाही विचारा, धडाधड सांगेल, बाई संख्यामालिका, अक्षरमालिका, समसंबंध, गटात न बसणारं पद, सांकेतिक भाषा, वेन आकृती, नातेसंबंध, दिशा, रांगेतलं स्थान, आरशातली प्रतिमा, आणि प्रत्येकाची एकेक ट्रिक. पण उत्तर दिल्यावर विचारा की बाळा हे तुला नक्की माहितीय, का बहुतेक असं असेल, का आत्ता तरी हेच पटतंय? की गप्प. त्याला वाटतं उत्तर चुकलं म्हणून बाई विचारतायत. आणि माझं ठाम मत आहे की तर्क शिकवायची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला पाहिजे, कारण एवढे सगळे प्रश्नप्रकार असले तरी त्यांच्या खाली विचाराचे मूळ प्रकार तीन-चारच आहेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे पडतात ते खात्री किती मिळते त्यावरून.

सगळ्यात जास्त खात्रीचा प्रकार म्हणजे निगमन. आधी दिलेल्या गोष्टी खऱ्या मानल्या की उत्तर खरं मानावंच लागतं, सुटकाच नाही. ज्या संख्येला सहानं भाग जातो तिला तीननं जातोच, ७२ ला सहानं भाग जातो, झालं, ७२ ला तीननं जाणार, करून बघायची गरजच नाही. हे पोरांना पटकन कळतं. अडतात ती दुसरीकडं.

मी फळ्यावर लिहिते, सर्व द्राक्षं फळं आहेत, काही फळं आंबट असतात, म्हणून काही द्राक्षं आंबट असतात. बरोबर का चूक? अख्खा वर्ग बरोबर म्हणतो. आमच्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी बाग आहे, साखर उतरायच्या आधीच घड तोडून खाल्लेला आहे, आंबट द्राक्ष म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. आणि तिथंच गडबड होते, कारण तिसरं वाक्य खरं आहे पण ते पहिल्या दोन वाक्यांतून निघत नाही, ते त्यांच्या जिभेवरून निघालंय. मग एकच शब्द बदलायचा. सर्व द्राक्षं फळं आहेत, काही फळं डोक्यापेक्षा मोठी असतात, फणस बघा की, म्हणून काही द्राक्षं डोक्यापेक्षा मोठी असतात. आता मात्र सगळे ओरडतात, "ह्यॅ, बाई, असं कुठं असतंय व्हय!" साचा तोच आहे, एक वाक्य इकडचं तिकडं केलेलं नाही. मग एकदा चूक आणि एकदा बरोबर कसं?

इथं वेन आकृती काढायची. फळांचं मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात द्राक्षांचं लहान, आणि आंबटचं तिसरं वर्तुळ फळांच्या वर्तुळाला कुठंतरी कापतंय, पण ते द्राक्षांच्या वर्तुळाला शिवलंच पाहिजे असं कुठल्या वाक्यात लिहिलंय? कुठल्याच नाही. जॉन वेन यांनी १८८० मध्ये या आकृत्या मांडल्या त्या अशाच, विधानांतून काय निघतं आणि काय निघत नाही हे डोळ्यांनी दिसावं म्हणून, आणि आपण त्यांचा उपयोग 'क्रिकेट खेळणारे २०, कबड्डी खेळणारे १५, दोन्ही खेळणारे किती' एवढ्यावरच थांबवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट बाजूनं पण करून बघायचं. सगळे हत्ती उडतात, गणू हत्ती आहे, म्हणून गणू उडतो. सहावीची पोरं मानायलाच तयार नसतात, "बाई, हत्ती उडत न्हाईत ओ." अरे मला माहितीय, पण उडतात असं धरलं तर? "पण उडतच न्हाईत की!" आठवीची पोरं मात्र थोडी थांबतात आणि म्हणतात, धरलं तर उडणारच. ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचारावर आयुष्यभर काम केलं, त्यांनी सांगितलंय की साधारण ११-१२ वर्षांच्या पुढं मूल समोर नसलेल्या, नुसत्या धरून चाललेल्या गोष्टींवर विचार करायला लागतं. म्हणजे सहावी ते आठवी हे बरोबर ते वय आहे, आणि आपण नेमकं त्याच वयात त्यांना सव्वा मिनिटाच्या घोड्यावर बसवतो.

निगमनातली अजून एक जागा आहे जिथं मोठी माणसंसुद्धा हमखास घसरतात, ती म्हणजे नियम उलटा फिरवणं. एसटीत ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. हा नियम. मग एखाद्या प्रवाशाकडं अर्धं तिकीट आहे, तर तो ५ ते १२ मधलाच का? आता मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या आजोबांना पण आहे, त्यामुळं सांगली-तासगाव गाडीत बसलेल्या कुठल्याही पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, शेजारी आईच अर्ध्या तिकिटावर बसलेली असते. पोर असेल तर अर्धं तिकीट, हे खरं. अर्धं तिकीट असेल तर पोर, हे खोटं. पण पूर्ण तिकीट काढलेलं असेल, आणि कंडक्टरनं नियम पाळलेला असेल, तर तो माणूस ५ ते १२ मधला नाही, हे मात्र नक्की. म्हणजे नियम नुसता उलटा केला तर तुटतो, पण दोन्ही बाजूंना 'नाही' लावून उलटा केला तर टिकतो. हे एवढं एकदा डोक्यात बसलं ना, की भूमितीत प्रमेय आणि त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटं फिरवलेलं विधान, या भानगडीचं निम्मं ओझं उतरतं.

आपल्याकडं न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, हा विचार फार जुना आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात, इथंही तसाच धूर आहे, म्हणून इथं आग आहे. या पाच पायऱ्यांना नावं पण आहेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन (इथं निगमन म्हणजे शेवटचा निष्कर्ष). मला यातलं आवडतं ते असं की तिथं धुरावरून आग सांगता येते पण आगीवरून धूर सांगता येत नाही हे पण मांडून ठेवलंय, आणि त्यासाठी उदाहरण आहे लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं, आग आहे पण धूर नाही. आमच्या पोरांना लांबचा डोंगर कशाला, गुऱ्हाळाचं धुराडं पुरतं. लांबून धूर दिसला की चुलवाणात जाळ आहे आणि काहिलीत रस उकळतोय हे सगळ्यांना माहीत असतं. मग विचारायचं की जाळ आहे पण धूर नाही असं कुठं असतं? एका मुलीनं पटकन सांगितलं, "बाई, गॅसवर." संपलं, तापलेला गोळा शोधत बसायचं कामच नाही.

आता दुसरा प्रकार, विगमन. थोड्या गोष्टी बघायच्या आणि त्यावरून सगळ्यांबद्दल बोलायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतोय म्हणून एक शीत दाबून चालतं. बेदाण्याच्या सौद्याला पण बॉक्स फोडून मूठभर माल हातात घेऊनच दर बोलला जातो, कुणी सगळा माल चाळत बसत नाही. पण मूठ वरवरची घेतली आणि तळाला काळा दाणा असला तर? म्हणजे विगमनात प्रश्न 'किती बघितलं' एवढाच नसतो, 'कुठून बघितलं' हा पण असतो. वर्गातल्या पुढच्या दोन बाकांवरच्या पोरांना विचारून "अख्ख्या वर्गाला गणित आवडतं" म्हणता येत नाही, हे पोरांना लगेच कळतं कारण मागच्या बाकावरची पोरं लगेच हसतात.

विगमन कुठं संपतं हे सांगलीच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात, ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विनला किती झालं हे दोन आकडे इथं लहान पोरं पण सांगतात. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतरची चौदा वर्षं लोकांच्या डोक्यात तीच रेघ पक्की बसली होती, की २००५ ला आमच्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काय येत नाही. आणि दरवर्षी खरंच आलं नाही, म्हणजे प्रत्येक पावसाळ्यानं तो नियम अजून घट्ट केला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या रेघेच्या भरवशावर घरात थांबलेली माणसं वरच्या मजल्यावर, गच्चीवर अडकली, बोटी घालून काढावी लागली. ती माणसं काही बिनडोक नव्हती, त्यांचा तर्क त्यांच्या अनुभवाला धरूनच होता, पण अनुभव हमी देत नाही, कितीही वर्षांचा असला तरी. पूर आलेल्या गल्लीतल्या पोराला हे सांगितलं की ते ऐकून घेतं, सगळे राजहंस पांढरेच म्हणता म्हणता सापडलेल्या पुस्तकातल्या काळ्या राजहंसापेक्षा कितीतरी जास्त.

आणि याच गोष्टीत निगमन पण दाखवता येतं. समजा मोजमाप करून ठरवलं की आयर्विनला ५५ फूट झालं की या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं. आता पाणी ५७ होणार अशी सूचना आली. मग घरात पाणी येणार, बास, इथं २००५ ला काय झालं होतं याचा संबंधच येत नाही. एकच पूर, एकच घर, पण विचार दोन वेगळे. एकात मागं काय झालं त्यावर भरवसा आहे आणि दुसऱ्यात उंचीच्या आकड्यावर. पोरांना मी हे दोन्ही विचार वहीत शेजारी शेजारी लिहायला लावते.

संख्यामालिकेचं पण असंच. १, २, ४, ८, १६, पुढं काय? प्रश्न संपायच्या आत ३२ म्हणून उत्तर येतं. मग कंपास काढायला लावायचा. एक वर्तुळ काढा, परिघावर एक बिंदू द्या, आतला भाग एकच. दोन बिंदू देऊन जोडा, दोन भाग. तीन बिंदू, सगळे एकमेकांना जोडा, चार भाग. चार बिंदू, आठ. पाच बिंदू, सोळा. इथपर्यंत पोरं कंटाळलेली असतात, कारण पुढचं माहितीच आहे ना. आता सहा बिंदू घ्या, फक्त तीन रेषा आत एकाच जागी छेदणार नाहीत एवढं बघा, सगळे जोडा आणि भाग मोजा. ३१ येतात. मग परत मोजतात, शेजारचा मोजतो, कुणीतरी रंगीत पेन्सिलीनं एकेक भाग रंगवत मोजतं, बत्तिसावा भाग काही सापडत नाही, कारण तो नाहीच. तो तास मला वर्षातला सगळ्यात आवडता आहे. परीक्षेत ३२ लिहायचं का? हो, लिहायचं, कारण तिथं करारच असा आहे की दिलेल्या आकड्यांत बसणारा सगळ्यात साधा नियम शोधा. पण साधा नियम बसला म्हणजे तोच नियम आहे असं होत नाही, हे पोराला कळलेलं असावं.

याला जोडून मी कापरेकरांचा आकडा घेते. देवळालीचे द. रा. कापरेकर, शाळेत शिकवायचे आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडून लहान मांडा, मग लहानाकडून मोठे मांडा, वजा करा, आणि आलेल्या उत्तराचं परत तेच करा. २०१९ घेऊ. ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, परत ६१७४च. प्रत्येक पोराला वेगळी संख्या द्यायची, सगळे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचतात, आणि मग मी विचारते की आता नक्की म्हणायचं का बहुतेक? ३१ चा मार खाल्लेली पोरं शहाणी झालेली असतात, म्हणतात बहुतेक. बरोबर. पण चार अंकी संख्या काही अनंत नाहीत, शून्य पुढं धरून सगळ्या मिळून दहा हजार, त्या सगळ्या कॉम्प्युटरवर तपासता येतात आणि तपासलेल्या आहेत, त्यामुळं इथं नक्की म्हणता येतं. सगळ्याच्या सगळ्या तपासून झाल्या की बहुतेकचं नक्की होतं, पण पुराचे पावसाळे असे मोजून संपत नाहीत.

तिसरा प्रकार पुस्तकात जवळपास नसतोच आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काहीतरी दिसलंय, त्याचं कारण काय असेल हे शोधणं. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी याला ॲबडक्शन असं नाव दिलं, वर्गात आम्ही नुसतं कारण शोधणं म्हणतो. डॉक्टर हेच करतात, गॅरेजवाला हेच करतो आणि बागवाला शेतकरी तर रोज करतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर पिवळसर डाग दिसले. काय असेल? डाऊनी हा बुरशीचा रोग असू शकतो, अन्नद्रव्य कमी पडलं असेल, फवारणीनं पान भाजलं असेल. अंदाज बांधून थांबत नाहीत, पोरांचे वडील पान उलटं करून बघतात. डाऊनी असेल तर डाग तेलकट दिसतो आणि त्याच्याच खाली पानाच्या मागच्या बाजूला पांढरी कापसासारखी बुरशी दिसते, भुरी हा दुसरा बुरशीचा रोग असेल तर पांढरट राखेसारखी पावडर पसरलेली असते. शिवाय चार दिवस ढगाळ होतं का, पानावर पाणी साचून राहिलं होतं का, हे पण आठवतात, कारण डाऊनीला ओलं पान लागतं. चुकीचं औषध मारलं तर पैसे गेले आणि रोग तिथंच.

या प्रकारातला खरा प्रश्न असा, की हे कारण खरं असेल तर अजून काय काय दिसायला पाहिजे? आणि ते दिसतंय का? पोरं पहिलं सुचलेलं कारण धरून बसतात, मोठी पण बसतात. मुलगा शाळेत आला नाही म्हणजे आजारी असेल. अरे, द्राक्षतोडणी चालू असेल, लग्नाला गेला असेल, गाडी चुकली असेल. मी वर्गात एक नियम ठेवलाय की कारण सांगताना एक कधीच सांगायचं नाही, निदान तीन सांगायची, आणि मग त्यातलं कुठलं टिकतं ते बघायचं. तीन शोधायला लागलं की पोरं आपोआप हळू होतात, आणि हळू होणं इथं चांगलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणतात, ते पण इथंच शिकवायचं. नवीन पेननं पेपर लिहिला आणि मार्क वाढले. मग पेन लकी? त्याच महिन्यात अभ्यास पण वाढला होता ना. पेन तेच ठेवून अभ्यास केला नाही तर काय होईल, आणि पेन बदलून अभ्यास केला तर काय होईल, असे दोन्ही बाजूंचे प्रश्न विचारायला शिकलं की मूल विज्ञानाच्या दारात उभं राहिलं म्हणायचं.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. आजच्या पोरांना ती गोष्ट सांगितली तर खरंच वाटत नाही. दिसत होतं ते खरंच होतं, चमच्यातलं दूध कमी होत होतं, वाद कारणाचा होता. दूध आत जातंय हे एक कारण, आणि पृष्ठताणामुळं ते चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली उतरतंय हे दुसरं. मग विचारायचं, दुसरं खरं असेल तर काय दिसायला पाहिजे? रंग घातला तर ओघळ दिसला पाहिजे, आणि रंगीत दूध घेऊन बघितलं तेव्हा तो दिसला. मी हे मूर्तीवर करत नाही, कुणाची श्रद्धा दुखवायचा माझा हेतू नाही आणि गरजही नाही, पांढरा गुळगुळीत दगड ओला करायचा, चमच्यात काठोकाठ रंगीत पाणी घेऊन त्याची कड दगडाला टेकवायची, पाणी जातं आणि रंगाची रेघ खाली येताना सगळ्यांना दिसते. आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि शेवटपर्यंत हेच सांगत राहिले की तपासून बघा. मला ती परंपरा आपल्या भागाची वाटते, आणि शाळेत ती भाषणापेक्षा चमच्यानं जास्त पोचते.

उपमान, म्हणजे सारखेपणावरून विचार करणं, याच्यावर थोडंच. समसंबंधाचे प्रश्न हेच असतात, डॉक्टर : दवाखाना, तसं शिक्षक : शाळा. विज्ञान शिकवताना आपण म्हणतो वीज तारेतून वाहते जसं पाणी पाइपातून. ठीक आहे, पण पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, तार कापली तर वीज जमिनीवर सांडत नाही, प्रवाहच थांबतो. सारखेपणा कुठपर्यंत चालतो आणि कुठं तुटतो हे प्रत्येक वेळी विचारायचं, बाकी फार ताणायचं नाही.

गटात न बसणाऱ्या पदाचं मात्र माझं भांडण आहे. २, ५, ९, ११, यात वेगळं कोण? उत्तरसूची म्हणते ९, कारण बाकी मूळ संख्या. पण एकानं २ सांगितलं, बाकी सगळ्या विषम. दुसरीनं ११, बाकी एक अंकी. तिघंही बरोबर आहेत. परीक्षेत एकालाच मार्क मिळणार हे त्यांना सांगावं लागतं, पण वर्गात निदान उत्तराबरोबर 'कारण' म्हणून एक वाक्य लिहायला लावून त्या कारणाला मार्क द्यावेत असं मला वाटतं, आणि मी देते.

पालक विचारतात घरी काय करून घ्यायचं, कुठलं पुस्तक आणू. पुस्तक नका आणू. मूल काही ठामपणे म्हणालं की एवढंच विचारा, नक्की, का बहुतेक, का असं असेल? रागवून नाही, चहा पिता पिता. आणि तुम्ही स्वतः काही ठामपणे म्हणालात तर त्याला पण हाच प्रश्न तुम्हाला विचारू द्या, तेवढं मन मोठं ठेवा.

आणि एक कोडं देते, ते घरातल्या सगळ्यांना द्या, आजोबांपासून. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलेलं आहे, मी फक्त अक्षरं मराठी केलीत. टेबलावर चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. वरून दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागं सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला कुठली कार्डं उलटावीच लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात, चांगली शिकलेली माणसं पण. ते सुटलं नाही तर हे बघा. रस्त्यावर चार जण आहेत, एक गिअरची मोटारसायकल चालवतोय, एक दुसऱ्याच्या मागं बसलाय, एक १६ वर्षांचा आहे आणि एक ३० वर्षांचा. नियम, गिअरची गाडी चालवायची तर वय १८ पूर्ण पाहिजे. पोलीस कुणाकुणाला तपासतील? हे सातवीचं पोर पण एका दमात सांगतं, चालवणाऱ्याचं वय बघायचं आणि सोळा वर्षांचा काय करतोय ते बघायचं, मागं बसलेल्याला आणि तीस वर्षांच्या माणसाला विचारून काय उपयोग. आता परत कार्डांकडं या. अ म्हणजे गाडी चालवणारा आणि ७ म्हणजे तो सोळा वर्षांचा. ४ म्हणजे तीस वर्षांचा माणूस, त्याच्या मागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागं स्वरच पाहिजे असं कुणी म्हटलेलंच नाही.